पेशीतली रस्सीखेच

पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबली की डब्यातले निम्मे लोक वड्यासाठी खाली उतरतात. जागेवर बसून राहिलेल्यांना थोड्या वेळाने मागून एक हिसका बसतो. तो बँकरचा. घाट चढण्यासाठी गाडीच्या शेपटाला जोडलेली जादा इंजिनं म्हणजे बँकर. बोरघाटातला चढ ३७ फुटांना १ फूट इतका उभा आहे, त्यामुळे पुढचं इंजिन कितीही दणकट असलं तरी मागून रेटा लागतोच. लहानपणी मला एक प्रश्न हमखास पडायचा. पुढचं इंजिन आणि मागची इंजिनं यांनी भार वाटून कसा घ्यायचा? एकाने जीव तोडून ओढायचं आणि बाकीच्यांनी नुसतं मागेमागे यायचं, असं झालं तर?

रेल्वेकडे याचं उत्तर आहे, कारण इंजिनात ड्रायव्हर असतो. पेशीच्या आत ओझी ओढणाऱ्या प्रथिनांना ड्रायव्हर नाही, वॉकीटॉकी नाही, एकमेकांना हाक मारायची सोय नाही. तरी ती गटाने ओढतात आणि भार वाटूनही घेतात. कशी, हे मुंबईतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने जिवंत पेशीच्या आत मोजून दाखवलं. त्यांचं नाव रूप मल्लिक. आधी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आणि नंतर पवईच्या आयआयटीत त्यांनी प्रयोगशाळा चालवली. त्यांच्या कामाला २०१४ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली इन्फोसिस पुरस्कार. पुरस्कारांचं इतकंच पुरे, कारण खरी गंमत त्या मोजण्यात आहे.

पण पेशीला हमाल लागतातच कशाला? शाळेत पेशीचं चित्र काढताना आपण मधे केंद्रक, आजूबाजूला चार-दोन ठिपके काढतो आणि उरलेली जागा पाण्यासारखी फिकट रंगवतो. मग वाटतं, या पाण्यात सगळं आपोआप पसरत असेल. अत्तराचा वास खोलीभर पसरतो तसं. छोट्या अंतरासाठी ते खरंही आहे. मात्र आपोआप पसरण्याचं गणित विचित्र असतं. अंतर दसपट झालं की वेळ शंभरपट होतो. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी मज्जापेशीची तार जवळजवळ १ मीटर लांब असते. एखादं प्रथिन नुसतं भरकटत त्या टोकाला पोचायचं म्हटलं तर हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. प्रत्यक्षात माल काही दिवसांत पोचतो, कारण तो वाहून नेला जातो.

वाहून नेण्यासाठी आधी रूळ लागतात. ते म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, प्रथिनांच्या विटा रचून झालेल्या पोकळ नळ्या. जाडी २५ नॅनोमीटर. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज येईल. या नळ्यांना दिशा असते. बऱ्याच पेशींत त्यांचं एक टोक केंद्रकाजवळ असतं आणि दुसरं पेशीच्या कडेकडे. नळ्यांवरून चालणाऱ्या हमालांच्या दोन मोठ्या जमाती आहेत. कायनेसिन बहुतेक करून माल बाहेर, कडेकडे नेतात. डायनीन आत, मध्याकडे आणतात. डायनीनचं नाव आधीचं, १९६५ चं. ते बलाच्या ‘डाइन’ या जुन्या एककावरून ठेवलं गेलं. कायनेसिन १९८५ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल इथे सापडलं, तेही समुद्रातल्या माकुलाच्या मज्जातंतूत. माकुलाची ती तार इतकी जाड असते की त्यातला ऐवज पिळून काढता येतो. मालवणीत चवीने खाल्ल्या जाणाऱ्या या प्राण्याचे विज्ञानावर फार उपकार आहेत.

कायनेसिनला दोन पाय असतात. एक पाय नळीवर घट्ट, दुसरा उचलून पुढे. प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटरचं आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्ची. एटीपी म्हणजे पेशीतलं चलनी नाणं, अन्नातून मिळालेली ऊर्जा त्यातून खर्च होते. ओझं हलकं असेल तर कायनेसिन सेकंदाला शंभरेक पावलं टाकतं. यूट्यूबवर एक ॲनिमेशन फिरत असतं, त्यात ते पाठीवर भलामोठा फुगा घेऊन ऐटीत चालताना दिसतं. चित्र सुंदर आहे, पण ऐट खोटी आहे. त्या मापाच्या जगात पाण्याचे रेणू चहूबाजूंनी सतत धडका देत असतात. आषाढात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून, लाटा अंगावर घेत चालण्यासारखा तो प्रकार. शिवाय तिथे गती साठून राहत नाही. सायकलचं पॅडल मारायचं थांबलो तरी आपण थोडे पुढे घरंगळतो. पेशीत ओढणारा थांबला की ओझं त्याच क्षणी, त्याच जागी थांबतं. काकवीत रुतल्यासारखं. त्यामुळे क्षणोक्षणी कोणीतरी ओढत राहावंच लागतं आणि प्रश्न उरतो तो एवढाच: किती जोराने?

हे मोजायचं साधन म्हणजे लेझरचा चिमटा. आर्थर ॲश्किन यांनी तो १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केला. त्यासाठी त्यांना २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, नोबेल मिळालं. प्रकाशाला अगदी थोडा का होईना, रेटा असतो. लेझरचा झोत भिंगाने एका बिंदूवर गोळा केला आणि तिथे प्लॅस्टिकचा सूक्ष्म मणी आणला, तर मणी त्या बिंदूला चिकटल्यासारखा राहतो. बाजूला ओढला तर परत मध्याकडे येऊ पाहतो. अदृश्य स्प्रिंगच म्हणा. मटणवाल्याचा जुना स्प्रिंगचा काटा आठवा. आकड्याला माल लावला की स्प्रिंग किती ताणली त्यावरून वजन कळतं. इथेही तसंच. मण्याला एक हमाल चिकटवायचा, त्याला नळीवर सोडायचं. तो मणी घेऊन निघतो, लेझर मागे खेचतो, आणि एका क्षणी दोघांची बरोबरी होऊन हमाल अडतो. मणी मध्यापासून किती सरकला ते मोजलं की हमालाचा जोर हातात आला.

हा जोर मोजायचं एकक पिकोन्यूटन. १०० ग्रॅमचा लोण्याचा पुडा तळहातावर ठेवला तर हाताला साधारण १ न्यूटन भार जाणवतो. त्याचे एक लाख कोटी भाग केले की एक भाग म्हणजे १ पिकोन्यूटन. लाख कोटी हा आकडा एरवी आपल्याला अर्थसंकल्पातच भेटतो. अशा मापात एक कायनेसिन ५ ते ७ पिकोन्यूटनपर्यंत ओढतं. तो तिथला पैलवान.

मल्लिक या विषयात आले ते आडवाटेने. त्यांची पीएचडी टीआयएफआरमध्येच झाली, पण धातूंवर. विशिष्ट मिश्रधातू थंड करत न्यायचे, चुंबकीय क्षेत्रात ठेवायचे आणि विजेला होणारा विरोध कसा बदलतो ते बघायचं, असलं काम. पेशीशी त्याचा काही संबंध नाही. पीएचडीनंतर ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत स्टीव्हन ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि लेझरच्या चिमट्यापाशी बसले. लोक याला ‘विषय बदलला’ म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. गोंगाटातून बारीक इशारा वेचून काढायचा, उपकरणावर विश्वास कुठपर्यंत ठेवायचा आणि आकडा आल्यावर आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा, ही सवय धातूतून पेशीत जशीच्या तशी नेता येते. जीवशास्त्रातली नावं पाठ करणं त्या मानाने सोपं.

तिथे त्यांच्या वाट्याला डायनीन आलं. कायनेसिनपेक्षा आकाराने खूप मोठं, गुंतागुंतीचं, हाताळायला त्रासदायक. २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. ओझं नसेल तेव्हा डायनीन २४ ते ३२ नॅनोमीटरच्या ढांगा टाकतं. ओझं वाढत गेलं की पाऊल आखूड होत होत ८ नॅनोमीटरवर येतं. ट्रक घाटाला लागला की ड्रायव्हर गिअर खाली घेतो, वेग जातो आणि ओढ वाढते, तसंच हे. एका प्रथिनात गिअर! मात्र एवढं करूनही एकटं डायनीन जेमतेम १.१ पिकोन्यूटन ओढतं. कायनेसिनपुढे अगदीच किरकोळ. हा आकडा सगळ्यांना सारखा मिळाला असं नाही. यीस्टमधलं डायनीन मोजणाऱ्यांना ते एकटंही चांगलंच ताकदवान आढळलं. प्राण्यांच्या डायनीनला ठरावीक साथीदार प्रथिनं जोडून दिली तर त्याचाही जोर वाढतो, हे पुढे दिसलं. ही वादावादी शास्त्रात रोजची आहे.

मल्लिक भारतात परतले, टीआयएफआरच्या जीवशास्त्र विभागात. भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेत जीवशास्त्र कसं, असं वाटेल. होमी भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकींना बोलावून तिथे रेणवीय जीवशास्त्राचं काम सुरू केलं होतं. दोन्हीकडची माणसं एकाच इमारतीत वावरतात, याचा फायदा अशा कामाला झाला असणार.

आता हातातला प्रश्न जुनाच पण जागा नवी. काचेच्या पट्टीवर, बाहेर काढून स्वच्छ केलेल्या एका हमालाचा जोर मोजणं जमलं होतं. पेशीत मात्र एका ओझ्याला अनेक हमाल असतात आणि बऱ्याचदा दोन्ही जमातींचे एकदमच. बाहेर ओढणारे आणि आत ओढणारे मालाने भरलेल्या एकाच पिशवीला लटकलेले. मायक्रोस्कोपखाली अशी पिशवी पाहिली तर ती थोडी पुढे जाते, अडखळते, मागे वळते, पुन्हा पुढे. जत्रेतल्या रस्सीखेचीत मधला रुमाल सरकावा तशी.

२००९ मध्ये त्यांच्या गटाने याचा हिशोब मांडला. त्यासाठी मातीत राहणारा डिक्टिओस्टेलियम नावाचा अमिबासारखा जीव घेतला. पिशव्यांची हालचाल बारकाईने मोजली, लेझरने जोर तपासला आणि संगणकावर ताडून पाहिलं. दिसलं असं, की पिशवीच्या एका बाजूला एकच कायनेसिन असतं, चिवट आणि दणकट. समोर चार ते आठ डायनीन, कमजोर आणि सहज हात सुटणारी. एक पैलवान विरुद्ध अर्धा डझन पोरं! यात पेशीचा लाभ काय? दोन्हीकडून ओढल्यामुळे पिशवी लांबट ताणली जाते आणि कधीकधी मधे तुटून दोन होतात. आतला माल निवडून वेगळा करायला पेशीला हेच हवं असतं. शिवाय एकूण वाटचालही एका दिशेने होत राहते.

यापुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यातली युक्ती घरगुती आहे. जिवंत पेशीत लेझरने धरण्याजोगं ओझं आणायचं कुठून? पेशीतल्या पिशव्या आकाराने वेड्यावाकड्या असतात, प्रकाशात नीट पकडता येत नाहीत. उत्तर: पेशीलाच मणी खायला घालायचे. आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. जंतू दिसला की त्याला कवेत घेऊन गिळायचं हे त्यांचं काम. त्यांच्यापुढे जंतूच्या मापाचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित लहान, लॅटेक्सचे गोल मणी टाकले. पेशींनी ते जंतू समजून गिळले. आत गेल्यावर प्रत्येक मण्याभोवती पेशीच्या पडद्याचं वेष्टण तयार झालं, याला फॅगोसोम म्हणतात. त्या वेष्टणावर पेशीने स्वतःचेच हमाल नेमले. आता धरायला गोल, चकचकीत मणी आणि ओढायला अस्सल हमाल, तेही त्यांच्या राहत्या घरात. लेझर लावायचा आणि बघत बसायचं. पडद्यावर मण्याची रेघ वर चढत जाते, लेझरशी झुंजत क्षणभर सपाट होते, मग हमालांचे हात सुटतात आणि रेघ धाडकन खाली येते. अशा शेकडो रेघा मोजायच्या.

२०१३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेला निकाल उलटाच होता. कायनेसिन एकेकटी बलवान, पण गटात त्यांची बेरीज होईना. कमजोर डायनीन मात्र गटाने ओढायला लागली की जोर त्यांच्या संख्येप्रमाणे वाढत गेला. जितकी डायनीन जास्त, तितका जोर जास्त आणि तितका वेळ टिकून.

याचं कारण त्या जुन्या गिअरमध्ये सापडलं. समजा चार डायनीन एकामागे एक ओझं ओढताहेत. सगळ्यात पुढच्यावर सगळा ताण. ताण आला म्हणजे त्याची पावलं आखूड. मागच्यांवर ताण नाही, म्हणून ती लांब ढांगा टाकतात. परिणामी मागची पुढच्याला गाठतात, सगळी जवळजवळ येतात आणि भार आपोआप वाटला जातो. कुणी कुणाला हाक मारलेली नाही. कर्जतच्या प्रश्नाचं हे उत्तर, बिनड्रायव्हरचं. कायनेसिनचं पाऊल मात्र ठरलेलं, ८ म्हणजे ८. पुढचं पुढेच राहतं, सगळा भार अंगावर घेतं आणि शेवटी सुटतं. मग तो भार दुसऱ्यावर, मग तेही सुटतं.

दुसरी गोष्ट पकडीची. नाडीला सुरगाठ मारली तर टोक ओढताच सुटते. निरगाठ बसली तर जितकी ओढाल तितकी आवळत जाते, मग दातांनी सोडवा. ताण फार वाढला की कायनेसिनची पकड सुरगाठीसारखी सुटते, डायनीनची निरगाठीसारखी घट्ट होते. एकट्याचं मोजमाप कितीही अचूक केलं असतं, तरी हे गटाचं वागणं त्यातून दिसलंच नसतं. सगळ्यांचा डोळा त्या ५ ते ७ पिकोन्यूटनवर राहिला असता.

गिळलेल्या जंतूचं पुढे काय होतं, यातही हेच हमाल निर्णायक ठरतात. नवा फॅगोसोम आधी कडेजवळ पुढेमागे घुटमळतो. थोड्या वेळाने तो ठामपणे आत निघतो, जिथे लायसोसोम असतात. लायसोसोम म्हणजे पचवणाऱ्या रसांच्या पिशव्या, जंतूचा निकाल तिथे लागतो. हा बदल कशाने होतो? २०१६ मध्ये मल्लिक यांच्या गटाने दाखवलं की फॅगोसोम जुना होत जातो तसे त्याच्या पडद्यावर कोलेस्टेरॉल जास्त असलेले ठिगळासारखे भाग तयार होतात आणि डायनीन त्या ठिगळांत गोळा होतात. साधी भूमिती आहे. गोल चेंडूभर हमाल विखुरले तर एका वेळी एखाददुसऱ्याचाच पाय रुळाला लागणार. एकाच जागी दाटीने उभे राहिले तर सगळ्यांचे लागतील. डॉक्टरांच्या तोंडून आपण कोलेस्टेरॉलची बदनामीच ऐकतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि जंतू काही मुकाट्याने मरत नाहीत. काळा आजार ज्यामुळे होतो तो लेश्मानिया परजीवी अशाच भक्षक पेशींत घर करून राहतो. त्याच्या अंगावरचा एक मेदयुक्त रेणू ही ठिगळं विस्कटतो, असं त्याच कामात आढळलं. डायनीन पांगली की जोर गेला, फॅगोसोम लायसोसोमकडे सरकेना आणि परजीवी वाचला. हमालांची टोळी फोडून गोदामापर्यंत माल जाऊच द्यायचा नाही, असला हा डाव.

नंतरचं मोठं काम यकृतातलं. तिथे ओझं वेगळं, चरबीचे थेंब. यकृताच्या पेशींत ट्रायग्लिसराइड अशा थेंबांत साठवलेलं असतं. रक्ताच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलच्या खाली ज्याचा आकडा बघून आपण तळकट सोडायची शपथ घेतो, तेच ते. यातलं कोडं जुनं आहे. उपाशी राहिल्यावर अंगातल्या साठ्यांतली चरबी सुटून यकृताकडे येते आणि यकृतात ट्रायग्लिसराइड कित्येक पटींनी वाढतं. रक्तातलं प्रमाण मात्र फारसं हलत नाही. आत पूर आणि धरणाखाली नदी तशीच. दार कोण बंद करतं?

उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१७ मध्ये उत्तर आलं. जेवण झालेलं असताना रक्तात इन्सुलिन असतं. त्याच्या इशाऱ्याने कायनेसिन चरबीच्या थेंबांवर चढतात आणि थेंब पेशीच्या कडेला नेतात. तिथल्या जाळीदार पडद्यांवर चरबी फोडणारी विकरं असतात. चरबी फुटते, तिची नव्याने बांधाबांध होते आणि माल रक्तात रवाना होतो. उपास घडला की इन्सुलिन उतरतं, कायनेसिन थेंबांवरून उतरतात आणि थेंब कारखान्यापासून लांब पडून राहतात. दाराला कुलूप वगैरे काही नाही, हमाल कामावरून काढले की माल जागचा हलत नाही. याच कामात आणखी एक गोष्ट पुढे आली. कायनेसिन कमी केलं तर यकृताच्या पेशींत हेपॅटायटिस सी विषाणूची वाढ मंदावते, कारण त्यालाही हे थेंब लागतात. मिश्रधातूंतला विजेचा विरोध मोजणारा माणूस लिव्हरच्या आजारापर्यंत पोचला तो असा, वाटेत प्रश्न फारसा न बदलता.

फक्त आपल्या उपासाला हा हिशोब लावताना सांभाळून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेव्हा एकादशीच्या सकाळी खिचडीची पहिली ताटली संपली की इन्सुलिन वर जाणारच आणि यकृताच्या दृष्टीने उपास तिथेच मोडणार. पंचांगात काहीही लिहिलेलं असो.